मेल कुणासाठी थांबायची

कंट्रोलरचं काम नेमकं काय, हे त्याच्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. शेजारणींना ती मोठ्या कौतुकानं सांगायची, "माझा मुलगा ना, गाड्या थांबवतो." यावर तो हमखास चिडायचा. "अगं आई, थांबवायला काय लागतं? कुणीही साखळी ओढली की गाडी थांबते. मी त्या चालत्या ठेवतो." आई म्हणायची, "तेच ते रे." आणि खरं सांगायचं तर म्हातारीचं फारसं चुकत नव्हतं.

शहरातल्या रेल्वे कचेरीच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली होती. खिडक्या असून नसल्यासारख्या, कारण पडदे कायम ओढलेले. समोर भिंतभर बोर्ड, त्यावर बारीक बारीक दिवे. टेबलावर अंथरलेला मोठा कागद, कानाला हेडफोन, हाताशी रंगीत पेन्सिली. प्रत्येक गाडी जसजशी पुढे सरके तसतशी तिची रेघ कंट्रोलर त्या कागदावर ओढत जाई. वाटेवरच्या सगळ्या स्टेशनांचे मास्तर एकाच तारेवर. त्या तारेवर कुणाला नाव नसे. "कंट्रोल, जंक्शन बोलतोय," एवढीच ओळख. वर्षानुवर्षं रोज एकमेकांशी बोलणारी ही माणसं रस्त्यात एकमेकांना धडकली असती, तर "दिसत नाही का हो?" म्हणून भांडून पुढे गेली असती.

जंक्शनला एक फाटा येऊन मिळायचा. त्या फाट्यावर एकच गाडी ये-जा करी. वेळापत्रकात तिला कसलासा नंबर होता, पण लोक तिला रखडी म्हणत, आणि ते नाव तिनं घाम गाळून कमावलेलं होतं. तिचा तरी काय दोष? रूळ झिजलेले, स्लीपर कुजलेले, पूल म्हातारा झालेला. दुरुस्तीला पैसे मागितले की राजधानीतून पैशांऐवजी पाटी यायची, 'सावकाश'. पैसे नाहीत, पाट्या मात्र हव्या तितक्या! एकेक पाटी रोवता रोवता अशी वेळ आली की शाळेतून सुटलेली पोरं सायकलवरून रखडीशी शर्यत लावत, आणि वर जिंकतही.

तर रखडी रखडत यायची आणि शहराकडे जाणारी मेल तोवर जंक्शनच्या फलाटावर धुसफुसत उभी असायची. अशा वेळी रखडीच्या गार्डचा निरोप मिळाला की मास्तर तारेवर येत. "कंट्रोल, माणूस आहे." म्हणजे रखडीत असं कुणीतरी आहे, ज्याला मेल मिळालीच पाहिजे. कंट्रोलर म्हणायचा, "थांबवा." संपलं. मेल पाच-सात मिनिटं थांबायची, माणूस धापा टाकत यायचा, मेल सुटायची, आणि गेलेली मिनिटं ड्रायव्हर पुढे भरून काढायचा.

माणूस कोण, ते मात्र विचारायचं नाही. हा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता. कंट्रोलरला ज्यांनी काम शिकवलं त्या जुन्या कंट्रोलरनी त्याला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "कोण आहे म्हणून विचारलंस ना, की संपलास. मग तू ठरवत बसणार, मंत्र्याचा मेहुणा मोठा की भाजीवाली मोठी. गार्डनं माणूस पाहिलाय ना? पुरे झालं. तू पाहू नकोस." कंट्रोलरनं तो शब्द आयुष्यभर पाळला. मेल कुणाकुणासाठी थांबली, हे त्याला एकदाही ठाऊक नव्हतं.

म्हणजे, अगदीच ठाऊक नव्हतं असं म्हणता येणार नाही. त्यातली निम्मीअर्धी माणसं त्याची धाकटी बहीणच पाठवायची. चिमी फाट्याच्या टोकाच्या गावात सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिथे डॉक्टर असला तर औषध नसे आणि औषध असलं तर डॉक्टर नसे. जरा काही अवघड दिसलं की ती पेशंटला रखडीत बसवून शहरातल्या मोठ्या इस्पितळाकडे रवाना करी. कधी घरी आली की जेवताना सहज म्हणायची, "परवाची बाई पोचली हो वेळेवर. मुलगा झाला." कंट्रोलर खाली मान घालून जेवायचा. ऐकलं नाही असं दाखवायचा, आणि त्या दिवशी दोन घास जास्त खायचा.

आणि मग मंत्रालयाला शिस्त आठवली.

नवा नियम निघाला. तोट्यातल्या फाट्यांना अनुदान मिळेल, पण ज्या विभागाच्या मोठ्या गाड्या वेळेवर धावतात त्याच विभागाला. ज्यांच्या गाड्या उशिरा, त्यांचे फाटे बंद, रूळ उखडून भंगारात. आता मेलला उशीर होतो तो फाट्याची वाट पाहण्यात. म्हणजे फाटा जगवायचा, तर मेलनं फाट्याची वाट पाहायची नाही! वा रे न्याय! असला नियम काढणारा माणूस उभ्या जन्मात हातात पिशवी घेऊन फलाटावर धावलेला नसणार, हे मी लिहून देतो.

फाट्यासाठी चिमीनं जिवाचं रान केलं होतं. दवाखाना सुटला की दारोदार फिरून सह्या घेतल्या, राजधानीत जाऊन साहेबलोकांसमोर उभी राहिली. "रस्त्यानं न्यायचं म्हटलं तर माझे पेशंट वाटेतच जातील," असं तिनं त्यांना तोंडावर सांगितलं. साहेबांनी तिला बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, "बाई, आमचा माणूस आठवडाभर कंट्रोलमध्ये बसेल आणि गाड्या वेळेवर धावतात का ते डोळ्यांनी बघेल. त्याच्यावर सगळं." माणूस पाठवायचं कारण उघड होतं. उशिराची गाडी कागदावर वेळेवर आणायची कला प्रत्येक कंट्रोलमध्ये सगळ्यांना अवगत होती.

तो माणूस आला. खोलीतले सगळे त्याला पाहुणे म्हणू लागले. सडपातळ, सभ्य, बिनसाखरेचा चहा पिणारे गृहस्थ. कंट्रोलरच्या शेजारी खुर्ची टाकून, दुसरा हेडफोन कानाला लावून ते दिवसभर बसत. चीफसाहेबांनी पाहुणे यायच्या आधीच सगळ्यांना गोळा करून सांगितलं होतं, "या आठवड्यात मेल कुणासाठी थांबणार नाही. माणूस असो नाहीतर देव असो. फाटा वाचवायचाय ना? मग चार दिवस त्याच्याकडे पाठ करा."

कंट्रोलरनं मान डोलावली. पाहुणे आल्यावर दुसऱ्याच दिवशी मास्तर तारेवर आले. "कंट्रोल, माणसं आहेत. दोन."

कंट्रोलरनं शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "सोडा मेल."

मास्तरांना खरं वाटेना. "सोडू?"

"सोडा."

त्या दुपारी त्याचा डबा तसाच घरी गेला. बायकोनं विचारलं तर म्हणाला, भूक नव्हती. कोण होती ती दोन माणसं, ते त्यानं विचारलं नाही. विचारायचंच नसतं. पण डोक्यातून ती जाईनात.

आणि नेमकं त्याच आठवड्यात आईचं दुखणं वाढलं. महिनाभर ती अंथरुणाला खिळलेली होती. कंट्रोलरच्या घरी पुढच्याच खोलीत तिचा पलंग मांडला होता, येणारंजाणारं दिसावं म्हणून. दोन दिवसांनी सकाळी डॉक्टर आले, नाडी पाहिली, आणि जिन्यात कंट्रोलरला म्हणाले, "बहिणीला बोलावून घ्या. उद्यावर टाकू नका."

त्यानं तिथेच, जिन्यात उभं राहून फोन लावला. "चिमे, ये. आजच ये."

नर्सच ती, तिला काय समजावून सांगायचं? ती म्हणाली, "दुपारच्या रखडीनं निघते. संध्याकाळी मेलनं पोचते. दादा, तिला सांग मी निघाले म्हणून."

तिनं पोचायला हवं, एवढंच आता शिल्लक होतं. आईला दुसरं काही नको होतं. औषध नको, दूध नको. सकाळपासून तिचं एकच चाललं होतं, चिमी कधी येतेय.

खरं तर त्यानं त्या दिवशी कामावर जायलाच नको होतं. बायको म्हणालीही तसं. पण दुपारपाळीचा जोडीदार तापानं फणफणलेला, आणि चीफसाहेब फोनवर अक्षरशः गयावया करत होते. आणि आणखी एक गोष्ट होती, ती त्यानं बायकोला सांगितली नाही. आईच्या उशाशी बसून नुसतं बघत राहणं त्याच्यानं होत नव्हतं. त्यापेक्षा बोर्डापुढे बसावं, चिमीची गाडी आपल्या डोळ्यांसमोर असावी, असं त्याला वाटलं. निघताना तो आईजवळ वाकला.

"कशानं येतेय ती?" आईनं विचारलं.

"रखडीनं. पुढे मेलनं."

"मग येईल," आई म्हणाली. "तू आहेस ना तिथे."

रखडी सुटली ती अगदी वेळेवर. कंट्रोलरला जरा हायसं वाटलं. पण पुलावर आदल्याच दिवशी आणखी एक 'सावकाश' रोवली गेली होती. पुलाच्या अलीकडच्या स्टेशनानं गाडी गेल्याचं कळवलं, आणि पलीकडचं स्टेशन काही बोलेचना. कागदावर रखडीची रेघ आडवी पडत चालली. तिकडे मेल मात्र आज कधी नव्हे ती वाऱ्यासारखी धावत होती. तिची रेघ सरळ, देखणी, पाहुण्यांनी मान डोलवावी अशी.

"आज तुमचं लक्ष त्या लहान गाडीकडे दिसतंय," पाहुणे हळूच म्हणाले. बोलण्यात खोच नव्हती. कंट्रोलरनं मेलची रेघ पुढे ओढली.

मनात मात्र त्याचं गणित चाललं होतं. मास्तरना काय ठाऊक रखडीत कोण बसलंय? ते नेहमीसारखं म्हणतील, माणूस आहे. आपण नेहमीसारखं म्हणू, थांबवा. कोण, ते आपण विचारत नाहीच. चीफ ओरडले तर ओरडू देत. हे स्वतःला फसवणं आहे, हे त्याला कळत होतं. ज्याला आधीच ठाऊक आहे त्यानं न विचारण्यात कसला आलाय मोठेपणा? तरी त्यानं त्या एका शब्दावर जीव टांगून ठेवला. मेल जंक्शनला लागली. रखडी अजून दोन वळणं मागे होती.

"कंट्रोल, जंक्शन."

"बोला."

"माणूस आहे."

कंट्रोलरनं बोलायला तोंड उघडलं. पण मास्तर थांबले नव्हते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते पुढे बोलत होते. "कंट्रोल, तुमची बहीण आहे हो. गार्डनं मागच्या स्टेशनवरून कळवलं. तुमच्या आईंचं असं आहे, ते मला आत्ताच कळलं. अहो, सांगायचं नाही का? मेल उभी आहे. तुम्ही फक्त हो म्हणा."

भला माणूस! परवाच्या त्या दोघांना सोडून मेल हलवावी लागली, हे त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं. आज तसं होऊ नये म्हणून त्यांनी होतं ते सगळं वजन टाकलं. नुसतं 'माणूस आहे' म्हणून गप्प बसले असते तर बरं झालं असतं, हे त्या बिचाऱ्याला कसं कळावं?

सगळी स्टेशनं एकाच तारेवर, त्यामुळे सगळ्यांनीच ते ऐकलं. मग पुढच्या कुठल्याशा लहान स्टेशनाचा मास्तर, ज्याचा आवाज कंट्रोलरनं कामाखेरीज कधी ऐकला नव्हता, तो हळूच म्हणाला, "थांबवा कंट्रोल. इथून पुढे मी मोकळा रस्ता देतो. मिनिटं भरून निघतील." लगेच दुसरा म्हणाला, "माझ्याकडेही मालगाडी बाजूला घेतो."

पाहुण्यांनी कानाचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "मी जरा चहा घेऊन येतो," ते उठत म्हणाले. "तुमच्यासाठीही आणतो. वेळ लागेल मला." आणि बाहेर जाऊन त्यांनी दार ओढून घेतलं. चीफसाहेबांनी फायलीत डोकं खुपसलं. शेजारच्या टेबलावरचा कंट्रोलर उगीचच पेन्सिलीला टोक काढू लागला.

कंट्रोलरला सगळं कळलं. त्याच्यासाठी अख्ख्या खोलीनं डोळे मिटून घेतले होते. आता मंत्रालय आडवं येत नव्हतं, चीफ येत नव्हते, कुणीच येत नव्हतं. एक शब्द बोलायचा होता. चिमी फलाटावरून धावत आली असती, शेवटच्या डब्यात चढली असती, आणि दिवेलागणीला आईच्या पलंगावर बसली असती.

पण परवाची ती दोन माणसं डोळ्यांसमोरून हलेनात. त्यांनाही कुठेतरी पोचायचं होतं. त्यांच्यासाठी कुणी चहाला उठलं नव्हतं. त्यांच्यासाठी कुणी मालगाडी बाजूला घेतली नव्हती. त्यांची मेल यानंच सोडली होती, याच तोंडानं. आज त्याच तोंडानं 'थांबवा' म्हणायचं, कारण आज आपली आई आहे?

"कंट्रोल?" मास्तर म्हणाले. "ऐकताय ना?"

"सोडा मेल."

"काय?"

"मेल सोडा, जंक्शन. सिग्नल द्या."

बऱ्याच वेळानं मास्तरांचा आवाज आला, पार खोल गेलेला. "सोडली."

कंट्रोलरनं पेन्सिल उचलली आणि मेलची रेघ पुढे ओढली. रेघ अगदी वेळेवर होती.

मग रखडी आली. मास्तरांनी काय केलं, तर चिमीलाच फोनवर उभं केलं. त्या तारेवर कधी कुणी कुणाला नात्यानं हाक मारली नव्हती.

"दादा?"

"हं."

"दादा, गेली का रे मेल? मला शेवटचा डबा दिसला. मी ओरडले, पण..."

"गेली."

"आई कशी आहे?"

"वाट बघतेय तुझी."

धावल्यामुळे तिला धाप लागली होती, ती तेवढी ऐकू येत होती. "मग आता मी काय करू?"

"सकाळी पॅसेंजर आहे," कंट्रोलर म्हणाला. एखाद्या चौकशीच्या खिडकीवर सांगावं तसं. "बाहेर काही वाहन मिळतंय का बघ."

"या जंक्शनला कसलं वाहन मिळणार, दादा?" ती म्हणाली. आणि मग, "बरं." फोन ठेवल्याचा आवाज झाला.

पाहुणे दोन पेले घेऊन परत आले. त्यांनी कागदावर नजर टाकली, मेलची रेघ पाहिली, आणि एक पेला कंट्रोलरपुढे ठेवला. काही विचारलं नाही. चहा तसाच निवून गेला.

तो घरी पोचला तेव्हा आई जागी होती. तिची मान दाराकडेच वळलेली होती. "चिमी?"

"येतेय आई. गाडी लेट आहे."

"लेट म्हणजे येईलच," आई म्हणाली आणि सुनेला खुणेनं जवळ बोलावलं. "तिच्यासाठी जेवण झाकून ठेव. उपाशी आली असेल पोर."

त्यानंतर जिन्यात जरा कुठे चाहूल लागली की तिचे डोळे उघडत. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू आला, उघडले. मांजर आलं, उघडले. आता सांगून टाकावं, आई, मीच नाही थांबवली गं, असं त्याच्या कितीदा तरी ओठांवर आलं. तो बोलला नाही. उजाडायच्या जरा आधी आईनं डोळे मिटले, ते मग चाहूल लागूनही उघडले नाहीत.

चिमी आली तेव्हा ऊन वर आलं होतं. दाराबाहेर चपलांची गर्दी पाहूनच ती समजली. हातातली पिशवी तिनं तिथेच खाली ठेवली. रडली नाही. आईजवळ बसली, तिच्या मुडपलेल्या हाताची बोटं एकेक करून सरळ केली, उशी नीट केली, चादरीची सुरकुती काढली. दवाखान्यात किती जणांचं तिनं हे केलं असेल. सगळं झाल्यावर मग आईच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही.

लोक येऊन गेले. सगळं पार पडलं. संध्याकाळी घर रिकामं झालं तेव्हा चिमी स्वयंपाकघरात पेले विसळत होती. कंट्रोलर दारात येऊन उभा राहिला. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

"दादा, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"माझ्याऐवजी दुसरं कुणी असतं, तर थांबवली असतीस?"

"परवा दोघं होते, चिमे," तो म्हणाला. त्याला वाटलं, निदान एवढं तरी तिला कळेल. "त्यांच्यासाठीही मी थांबवली नाही. मग तुझ्यासाठी कशी थांबवू? कोणत्या तोंडानं?"

तिचे हात पाण्यातच थांबले. "ते दोघं मीच पाठवले होते," ती म्हणाली. "बाप आणि लेक. पोरीच्या डोळ्याला इजा झाली होती. जंक्शनवर बसून राहिले आणि परत माझ्याकडे आले. बाप नाही नाही ते बोलला मला. म्हणाला, तुमचा भाऊच आहे ना तिथे बसलेला? मी त्याच्यावर खेकसले. म्हटलं, माझा भाऊ उगीच मेल सोडायचा नाही. काहीतरी तसंच मोठं कारण असणार." तिनं पेला पालथा घातला. "अख्ख्या दवाखान्यासमोर तुझी बाजू घेऊन भांडले रे मी."

"पोरीचा डोळा?"

"पट्टी सुटली नाही अजून."

कंट्रोलर दाराच्या चौकटीला धरून खालीच बसला. तोंडावर हात दाबून रडला. चिमीनं ओले हात पदराला पुसले, त्याच्या बाजूला येऊन बसली, पण त्याच्या पाठीवर हात काही ठेवला नाही. मनात असेलही. झालं नाही तिच्यानं.

पुढे दीडदोन महिन्यांनी राजधानीतून हुकूम आला. विभाग उत्तीर्ण. फाट्याला अनुदान मंजूर, शिवाय पुलाच्या दुरुस्तीला वेगळी रक्कम. चीफसाहेबांनी सगळ्यांना चहा पाजला आणि पाहुण्यांनी अहवालात कंट्रोलरबद्दल काय काय चांगलं लिहिलंय ते वाचून दाखवलं. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. तो उठून बाहेर व्हरांड्यात गेला आणि त्यानं चिमीला फोन लावला.

"खरंच?" ती ओरडलीच. "पुलाचेसुद्धा? दादा, खोटं बोलत नाहीस ना?" ती हसली, मागे वळून कुणाला तरी बातमी सांगितली, तिकडे गलका झाला. तिला मनापासून आनंद झाला होता, आणि तो ऐकून कंट्रोलरला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग गलका दूर गेला. ती बहुधा बाहेर येऊन उभी राहिली असावी.

"दादा," ती म्हणाली, "मला एक आठवतच नाहीये रे. रोज आठवून बघते. आईला मी शेवटची भेटले ती कधी?"

कंट्रोलरला आठवत होतं. ती एका पेशंटला घेऊन शहरात आली होती आणि परतीच्या वाटेवर धावतपळत घरी डोकावली होती. आईचा नुकताच डोळा लागला होता. चिमी पलंगाशी उभी राहिली, आईला उठवू की नको करत. कंट्रोलरनंच घड्याळ पाहून म्हटलं होतं, "निघ चिमे, आज गाडी अगदी वेळेवर आहे." ती म्हणाली होती, "जाऊ दे, झोपू दे तिला. पुढच्या वेळी निवांत येते." आणि पळाली होती. आईला कळलंही नव्हतं की ती येऊन गेली.

"दादा? आठवतंय का तुला?"

"आठवतंय की," कंट्रोलर म्हणाला. "असं काय करतेस? चांगली बसली होतीस की तिच्याजवळ. केस विंचरून दिलेस तिचे."

"मी?"

"मग कोण? तिला बरं वाटत होतं त्या दिवशी. उठून बसली होती."

मग ती अगदी लहान आवाजात म्हणाली, "हो का? आणि मग? आई काय म्हणाली मला?"

कंट्रोलरनं डोळे पुसले, भिंतीला पाठ टेकली, आणि तो सांगत राहिला.